भूमिगत वीज आणि फायबर केबल टाकण्यापूर्वी करायची साधनांची तयारी

विंच (दोरीने केबल ओढणारे यंत्र), जॅक किंवा चर खणणारे यंत्र ठरवण्यापूर्वी केबलचे तांत्रिक माहितीपत्रक हाती घ्यावे. बाह्य व्यास, दर मीटरचे वजन, ओढताना चालणारा कमाल ताण आणि किमान वक्रता त्रिज्या (केबल किती घट्ट वाकवता येते याची मर्यादा) हे त्यातील चार आकडे कामाच्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवावेत, कारण पुढे मागवायच्या बहुतेक साधनांचे माप त्यांच्यावरूनच ठरते. वीज केबल तिच्या वाहकाला (आतल्या धातूच्या तारेला) पकडून ओढायची असेल, तर तांब्यासाठी दर चौरस मिलिमीटरला ५० न्यूटन आणि ॲल्युमिनियमसाठी ३० न्यूटन ही रूढ मर्यादा आहे. म्हणजे ९५ चौरस मिलिमीटरचे तीन ॲल्युमिनियम वाहक असलेल्या केबलला ८,५५० न्यूटन, अर्थात सुमारे ८७० किलो वजनाइतका ताण चालतो. डक्टमध्ये (केबलसाठी जमिनीत पुरलेल्या नळीत) टाकायच्या नेहमीच्या फायबर केबलची मर्यादा मात्र बहुधा २,७०० न्यूटनच्या आसपास असते. दोन टन ओढू शकणारे विंच या दोन्ही केबल सारख्याच सहजतेने ओढते आणि मर्यादा ओलांडताना त्याच्या आवाजातही फरक पडत नाही. म्हणून विंचच्या ताकदीची चौकशी नंतर करावी. त्यावर ताणमापक आहे का, ठरवलेल्या ताणाला ते आपोआप थांबते का आणि ताणाची नोंद ठेवते का, हे आधी विचारावे. ताणमापक नसलेले विंच फुकट मिळाले तरी फायबरच्या कामावर आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वक्रता त्रिज्येचा आकडा रोलर आणि पुल्या निवडताना उपयोगी पडतो. फायबर केबल ताणाखाली असताना तिच्या व्यासाच्या २० पट आणि जागेवर स्थिरावल्यावर १० पट त्रिज्या राखण्याची पद्धत आहे. त्या हिशेबाने १५ मिलिमीटर जाडीच्या केबलला वळणावर निदान ३०० मिलिमीटर त्रिज्येची, म्हणजे ६०० मिलिमीटर व्यासाची पुली लागते. वीज केबलसाठी हा गुणक बांधणीनुसार बदलतो. तो उत्पादकाच्या पत्रकातूनच घ्यावा. वळणावर एकच लहान रोलर ठेवला, तर केबल मार्गाच्या वळणाइतकी न वाकता त्या रोलरच्या घेराइतकी वाकते, ही गोष्ट कामाच्या घाईत हमखास विसरली जाते. त्यामुळे वळणासाठी कमानीत बसवलेल्या अनेक रोलरांचा संच मागवावा, तो जमिनीत खुंट्या ठोकून पक्का करता येतो का ते पाहावे, आणि सरळ चरासाठी दर दोन-तीन मीटरला एक याप्रमाणे रोलर मोजून घ्यावेत. प्रत्येक रोलर हाताने फिरवून पाहावा. अडकलेला रोलर केबलच्या आवरणावर कानशीसारखा चालतो.

आता मार्गाचा नकाशा घेऊन केबल कोणत्या टोकाकडून ओढायची ते ठरवावे. हा निर्णय बहुतेक ठिकाणी ड्रमची (केबल गुंडाळलेल्या मोठ्या रिळाची) गाडी कुठे उभी राहू शकते यावरून घेतला जातो आणि तिथेच पहिली चूक होते. एक उदाहरण घेऊ. केबलचे वजन मीटरला ५ किलो, घर्षणांक ०.३५, डक्टची एकूण लांबी २०० मीटर आणि एका टोकापासून २० मीटरवर काटकोनातले एक वळण. वळणावर ताणाची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. या घर्षणांकाला काटकोनी वळणातून बाहेर पडताना ताण आत येतानाच्या सुमारे १.७३ पट झालेला असतो. वळणाजवळच्या टोकाला ड्रम ठेवून ओढले, तर शेवटी विंचवर साधारण ३,७०० न्यूटन ताण येतो. ड्रम दुसऱ्या टोकाला ठेवला, तर केबल वळणापाशी येईपर्यंतच ३,१०० न्यूटनवर पोहोचलेली असते आणि शेवटचा आकडा ५,७०० न्यूटनवर जातो. दोन्ही आकडे वर सांगितलेल्या ८,५५० च्या आतच आहेत, पण खरा धोका वळणाच्या आतल्या भिंतीवर असतो. वळणाची त्रिज्या एक मीटर धरली, तर तिथे केबलवर पडणारा बाजूचा दाब पहिल्या रीतीत मीटरला सुमारे ६०० न्यूटन आणि दुसऱ्या रीतीत सुमारे ५,४०० न्यूटन, म्हणजे नऊपट होतो. अनेक वीज केबलसाठी ही मर्यादा मीटरला ४ ते ७ किलोन्यूटनच्या दरम्यान सांगितलेली असते. तेव्हा ड्रमच्या गाडीसाठी वाट मोकळी करून घेण्याचा त्रास सोसावा, पण वळणे शक्यतो ड्रमच्या बाजूला ठेवावीत. एकामागोमाग तीन काटकोन आले, तर ताण पाचपटीहून अधिक होतो; अशा मार्गावर मोठे विंच आणण्याऐवजी मध्ये एक चेंबर (माणूस उतरू शकेल असा भूमिगत हौद) बांधून ओढ दोन टप्प्यांत विभागणे शहाणपणाचे ठरते.

खणण्याआधी जमिनीत काय आहे हे शोधण्याची साधने लागतात आणि त्यांच्या मर्यादा ती वापरणाऱ्याला ठाऊक असाव्या लागतात. विद्युतचुंबकीय शोधयंत्र धातूची नळी किंवा केबल दाखवते. प्लॅस्टिकचा पाइप आणि धातूविरहित फायबर केबल त्याला दिसतच नाही. जमिनीत शिरणारे रडार प्लॅस्टिकही दाखवू शकते, पण ओल्या चिकणमातीत त्याची नजर फार खोल जात नाही. म्हणून दोन्ही साधने असली तरी ओलांडायच्या प्रत्येक जुन्या वाहिनीवर हाताने चाचणी खड्डा घेण्यासाठी विद्युतरोधक मुठीची फावडी यादीत असावीतच. स्वतःच्या धातूविरहित केबलसोबत एक शोधतार टाकायची तयारी याच वेळी करावी, म्हणजे पुढे खणणाऱ्याला ती सापडेल.

मोकळ्या, मऊ जमिनीत साखळीचे चरयंत्र वेगाने काम करते. दगड किंवा जुन्या वाहिन्यांचे जाळे असेल तिथे बकेटचे यंत्र आणि मजूर बरे. चर दीड मीटरच्या आसपास खोल जाणार असेल, तर दोन्ही बाजूंना आधार देणाऱ्या फळ्या आणि टेकू खोदाई सुरू होण्यापूर्वी जागेवर पोहोचलेले असावेत. रस्त्याखालून आडवे छिद्र पाडायचे असेल, तर यंत्रासोबत बेंटोनाइट (छिद्र ढासळू नये म्हणून पाण्यात कालवायची माती), ते मिसळण्याची टाकी, वर येणारा गाळ साठवण्याची जागा, ड्रिलच्या टोकाचा माग काढणारे यंत्र व त्याच्या जादा बॅटऱ्या आणि वीजवाहिनीला धक्का लागल्यास इशारा देणारी व्यवस्था, इतके सगळे आल्याशिवाय काम सुरू करू नये. छिद्र आत ओढायच्या डक्टच्या किंवा डक्टसमूहाच्या व्यासाच्या साधारण दीडपट करावे आणि रीमर (छिद्र रुंद करणारे हत्यार) व डक्ट यांच्यामध्ये स्विव्हल (दोन्ही टोके स्वतंत्र फिरू देणारी जोडणी) लावावा. तो नसेल तर फिरणारा रीमर डक्टलाही पीळ घालतो.

डक्टच्या बाबतीत दोन तपासण्या टाळू नयेत. पहिली कागदावरची. अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये नळीच्या आतील क्षेत्रफळापैकी एका केबलने ५३ टक्के, दोन केबलनी ३१ टक्के आणि तीन किंवा अधिक केबलनी ४० टक्क्यांपर्यंत जागा व्यापावी, असे प्रमाण दिलेले आहे आणि ते इतरत्रही संदर्भासाठी वापरले जाते. मात्र तीन सारख्या केबल एकाच नळीत ओढताना एवढ्यावर विसंबू नये. नळीचा आतील व्यास केबलच्या व्यासाच्या २.८ ते ३.२ पट असेल, तर वळणावर तिन्ही केबल एका ओळीत येऊन पाचर ठोकल्यासारख्या अडकू शकतात. आणि बरोबर तीनपट व्यासाला व्यापलेली जागा भरते फक्त ३३ टक्के, म्हणजे नियमात बसणारी नळीच दगा देते. अशा वेळी एक माप मोठी नळी घ्यावी. प्रत्यावर्ती प्रवाहाच्या (एसी) एकगाभा, म्हणजे एकच वाहक असलेल्या केबलसाठी आणखी एक अट आहे: एकेक फेज स्वतंत्र लोखंडी नळीतून नेऊ नये, कारण बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे ती नळी तापते. तिन्ही फेज एकत्र न्यावेत किंवा प्लॅस्टिकची नळी वापरावी. दुसरी तपासणी जागेवरची. आधी ब्रश, मग नळीच्या आतील व्यासाच्या ८० ते ८५ टक्के जाडीचा मँडरेल (नळी मोकळी आहे का ते तपासणारा दांडा) आणि त्याच्या मागे मीटरच्या खुणा असलेली सपाट पट्टी अशी माळ प्रत्येक डक्टमधून ओढावी. मँडरेलवर खोल ओरखडे दिसले, तर ते कुठे उमटले हे पट्टीवरच्या आकड्यावरून कळते. नळी दुरुस्त होईपर्यंत केबल तिथे आणूच नये.

ड्रम उतरवण्यासाठी क्रेन किंवा उतरंड हवी. गाडीवरून ढकलून दिलेला ड्रम सरळ उभा दिसला तरी आतले थर सरकलेले असतात. ड्रम आडवा ठेवू नये आणि लोळवायचा झाल्यास त्यावरील बाणाच्या दिशेनेच लोळवावा. जॅक आणि स्पिंडल ड्रमचे भरलेले वजन पेलणारे असावेत, जॅकखाली फळ्या घालाव्यात आणि ड्रमला ब्रेक असावा, कारण विंच थांबल्यावरही ड्रम फिरत राहिला तर सुटलेले वेढे जमिनीवर पडून केबलला गाठ पडते. वीज केबलच्या दोन्ही टोकांवरील टोप्या शाबूत आहेत का ते पाहावे आणि टोक कापल्याबरोबर लावण्यासाठी नव्या टोप्या जवळ ठेवाव्यात. आत शिरलेले पाणी एक्सएलपीई (क्रॉस-लिंक्ड पॉलिथिलीन) विद्युतरोधकात झाडाच्या फांद्यांसारख्या सूक्ष्म भेगा वाढवत नेते आणि केबल काही वर्षांनी, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, फुटते.

दोरी आणि केबल यांच्यामधली जोडणी लहान असते, पण तिच्यावर सगळे अवलंबून असते. केबलच्या टोकावर चढवायचा जाळीचा मोजा तिच्या मापाचा घ्यावा आणि मोज्याने ओढताना ताण आवरणावर येत असल्याने मर्यादा वाहकाला पकडून ओढण्याच्या मर्यादेपेक्षा कमी धरावी. मोज्यापुढे बॉल-बेअरिंगचा स्विव्हल लावावा, म्हणजे दोरीचा पीळ केबलमध्ये उतरणार नाही. फायबरसाठी ठरावीक ताणाला तुटणारी पिन असलेला स्विव्हल घ्यावा. वंगण केबलच्या आवरणाला चालणारे, पाण्यावर आधारित असे वापरावे. साबणाचे पाणी किंवा ग्रीस वापरण्याचा मोह होतो, पण साबणातल्या रसायनांमुळे ताणाखालच्या पॉलिथिलीनला तडे जाऊ शकतात आणि ग्रीसमुळे काही आवरणे फुगतात. ड्रम, प्रत्येक वळण आणि विंच येथे एकेक वॉकी-टॉकी द्यावा, आणि थांबण्याचा आदेश कुणीही देऊ शकेल पण पुन्हा सुरू करण्याचा आदेश एकच जण देईल, असे ठरवून घ्यावे.

फायबर लांब अंतरावर न्यायची असेल, तर ओढण्यापेक्षा हवेने फुंकून नेणे केबलला सोपे जाते, कारण हवेचा जोर केबलच्या पूर्ण लांबीवर वाटला जातो. त्यासाठी फुंकयंत्राखेरीज साधारण ८ ते १५ बार दाबाचा कॉम्प्रेसर, हवा थंड करणारा आफ्टरकूलर आणि पाणी वेगळे करणारा सापळा लागतो. गरम, दमट हवेने डक्ट मऊ पडते आणि घर्षण वाढते. आधी डक्टमधून स्पंज सोडून पाणी काढावे, मग टोक बंद करून दाब टिकतो का ते पाहावे. दूरच्या टोकासमोर कुणीही उभे राहू नये. मधल्या चेंबरमध्ये केबल बाहेर काढून ठेवावी लागली, तर ती इंग्रजी आठच्या आकारात पसरावी, नुसत्या वेटोळ्यात नाही, कारण वेटोळ्याच्या प्रत्येक फेऱ्याला एक पीळ पडतो आणि आठच्या आकारात तो उलट दिशेने सुटतो. त्यासाठी स्वच्छ ताडपत्री आणि पुरेशी मोकळी जागा आधीच राखावी.

चेंबरमध्ये उतरण्यापूर्वी वायुमापकाने आधी ऑक्सिजन, मग ज्वलनशील वायू, मग विषारी वायू तपासावा. ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्क्यांच्या बाहेर असेल किंवा ज्वलनशील वायू स्फोटाच्या किमान प्रमाणाच्या १० टक्क्यांवर गेला असेल, तर कुणालाही उतरू देऊ नये. हवा खेळवणारा पंखा, तिपाई व पट्टा आणि वर थांबणारा माणूस ही साधने नसतील तर त्या दिवशी चेंबरचे काम नाही. जनरेटर चेंबरच्या तोंडापासून दूर, त्याचा धूर वाऱ्याने तोंडाकडे येणार नाही अशा अंगाला ठेवावा.

चाचणीची उपकरणे केबल येण्याआधी हाताशी असावीत, कारण फायबरची पहिली चाचणी ड्रमवर असतानाच करायची असते. सिंगलमोड (लांब अंतरासाठी वापरल्या जाणाऱ्या) फायबरमध्ये प्रकाशाची घट १३१० नॅनोमीटर तरंगलांबीला साधारण ०.३५ आणि १५५० ला ०.२२ डेसिबल प्रति किलोमीटरच्या आसपास असते. ओटीडीआर (फायबरमध्ये प्रकाशाचे स्पंद सोडून घट कुठे होते ते दाखवणारे यंत्र) दोन्ही तरंगलांबींचे घ्यावे: एखाद्या ठिकाणी १५५० ला घट जास्त आणि १३१० ला कमी दिसली तर तिथे केबल वाकलेली आहे, हे खणल्याशिवाय कळते. स्प्लायसिंग मशीनची (फायबरची टोके वितळवून जोडणाऱ्या यंत्राची) आर्क-तपासणी, म्हणजे त्याच्या विद्युत ठिणगीची तपासणी, जोडणीच्या जागी, तिथल्या हवामानात करावी. क्लीव्हर (फायबरचे टोक सरळ कापणारे हत्यार), आयसोप्रोपिल अल्कोहोल, तंतू न सोडणारे पुसणे आणि काचेचे तुकडे टाकण्याची झाकणाची डबी सोबत असावी. प्रकाश चालू असलेल्या फायबरच्या टोकात पाहू नये. तो प्रकाश अदृश्य असतो. वीज केबलसाठी मेगर (विद्युतरोध मोजणारे उपकरण) आणि आवरणाची चाचणी करणारे यंत्र लागते. एक्सएलपीई केबलवर उच्च विद्युतदाबाची एकदिश (डीसी) चाचणी टाळून ०.१ हर्ट्झची अत्यल्प-वारंवारिता चाचणी घ्यावी, कारण एकदिश दाबाने विद्युतरोधकात साचलेला भार पुढे अपाय करू शकतो. क्रिम्पिंगचा डाय (दाबून बसवण्याचा साचा) लग (वाहकाच्या टोकावर बसवायचा धातूचा तुकडा) आणि वाहक यांच्याशी जुळणारा असावा, आणि ॲल्युमिनियम तांब्याला जोडायचे असेल तिथे द्विधातू लगच घ्यावा.

भरावाकडे कमी लक्ष दिले जाते, पण केबलची उष्णता शेवटी मातीतूनच बाहेर पडते. १९९८ मध्ये न्यूझीलंडच्या ऑकलंड शहराच्या मध्यभागाला वीज देणाऱ्या चार मुख्य भूमिगत केबल एकामागून एक निकामी झाल्या आणि तो भाग सुमारे पाच आठवडे नेहमीच्या विजेवाचून राहिला. केबलभोवतीच्या मातीची उष्णता वाहून नेण्याची क्षमता अपेक्षेपेक्षा कमी असणे, हे त्यामागच्या कारणांपैकी एक होते. मोठ्या भाराच्या मार्गावर मातीचा उष्णतारोध मोजणारे उपकरण मागवावे, खडे नसलेली चाळलेली वाळू आणि ती दाबण्याचे यंत्र यांची मोजणी आधी करावी. संरक्षक फरशा आणि केबलच्या साधारण ३०० मिलिमीटर वर टाकायची इशारा-पट्टी वेगळी बांधून ठेवावी, नाहीतर चर बुजवण्याच्या दिवशी ती गोदामातच राहते. भराव घालण्याआधी प्रत्येक वळणाचे आणि जॉइंटचे अंतर कायमच्या खुणांपासून मोजून नकाशावर चढवावे, रिकाम्या डक्टमध्ये पुढच्या कामासाठी दोरी ठेवावी आणि भरलेल्या व रिकाम्या अशा सर्व डक्टांची तोंडे पाणी व उंदीर शिरणार नाहीत अशी बंद करावीत.