कारखान्यात, सोसायटीत, शाळेत: आपला विश्वास कसा जपावा

नगर जिल्ह्यातून, मराठवाड्यातून आलेली आमच्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, बरीच पोरं नवी मुंबईच्या ऐरोली, रबाळे, घणसोली या पट्ट्यात कामाला लागतात. गावाकडे मिशनच्या आवारात आजूबाजूला आपलीच माणसं असतात, इथे अख्ख्या इमारतीत आपलं एकच ख्रिस्ती घर. मी रबाळे एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये सुपरवायझर आहे. रविवारी उपासना सुटली की ही मुलं मला गाठतात आणि प्रश्न दरवर्षी तेच असतात. खंडेनवमीला काय करायचं? गणपतीची वर्गणी द्यायची का? पोरीला शाळेत सरस्वतीच्या फोटोला हार घालायला सांगितला तर? म्हणून हे एकदा नीट लिहून काढतो.

आधी दबाव कसा येतो ते ओळखा. १३२१ च्या एप्रिलमध्ये आपल्या ठाण्यातच तोलेंतिनोचे थॉमस आणि त्यांचे तीन फ्रान्सिस्कन संन्यासी सोबती विश्वासापायी मारले गेले. आपल्यावर तशी वेळ आलेली नाही, आणि आपल्या अडचणीला छळ म्हणून त्यांच्या पंगतीला जाऊन बसू नये. आपल्यावरचा दबाव बहुतेक वेळा मायेने येतो. "अरे, दोन मिनिटं हात जोडले तर काय बिघडलं?" असं म्हणणारा शेजारी तोच असतो, जो तुमच्या आईला रात्री दवाखान्यात घेऊन धावला होता. अशा माणसाला नाही म्हणताना जीभ अडखळते. ऐन वेळी शब्द सुचत नाहीत, म्हणून निर्णय ऐन वेळेवर ठेवू नका. नवरा-बायकोने घरी बसून, प्रार्थना करून, आपण काय करणार नाही हे आधीच ठरवून टाकायचं.

ते ठरवताना बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकाचा पहिला अध्याय उघडा. बाबेलात नेल्यावर त्याने खास्द्यांची भाषा शिकली, त्यांची विद्या शिकली, बेल्टशस्सर हे परकं नाव चालवून घेतलं, पुढे राजाची नोकरीही केली. एवढं सगळं त्याने मान्य केलं आणि अडून बसला तो फक्त राजाच्या ताटापाशी. तिथेही त्याने ताट भिरकावलं नाही. त्याने परवानगी मागितली. अधिकारी म्हणाला, तुम्ही रोड दिसलात तर राजा माझं मुंडकं उडवील. मग दानीएलाने कारभाऱ्याला तोडगा सुचवला: दहा दिवस आम्हाला भाजीपाला आणि पाणी द्या, मग आमचे चेहरे बघा आणि ठरवा. मला यातून दोन गोष्टी घ्याव्याशा वाटतात. आपली 'नाही'ची यादी छोटी असावी. आणि आपल्या नकारामुळे मधल्या माणसाची मान अडकत नाही ना, हे आपण बघायचं, त्याच्यावर सोडायचं नाही.

माझी यादी तीन ओळींची आहे. पूजा-आरतीत हात जोडायचे नाहीत. प्रसाद घ्यायचा नाही. खोट्या कागदावर सही करायची नाही. तिसरी ओळ बघून पोरं चमकतात. तिच्याकडे येतोच.

आता खंडेनवमी. आमच्याकडे आदल्या दिवशी सगळ्या मशीन धुतात, नवमीला प्रत्येक ऑपरेटर आपापल्या मशीनला हळदकुंकू लावतो, झेंडूची माळ घालतो, नारळ फोडतो, शेठ पेढे वाटतात. तुम्ही नवीन असाल तर आठ-दहा दिवस आधी इनचार्जला एकट्याला गाठा. चारचौघांत नको. एवढंच म्हणा: "दादा, मी ख्रिस्ती आहे. पूजा मी करत नाही, पण त्या दिवशीचं बाकीचं सगळं काम माझ्याकडे द्या." मग ते काम खरोखर करा. कूलंटची टाकी उपसा, चिप ट्रे खरवडा, लेथच्या बेडवरचं जुनं ग्रीस काढून नवीन लावा, तोरण बांधायला शिडी धरा. पूजेच्या वेळी मागे शांत उभे राहा. चेहरा आंबट नको, मोबाइलमध्ये डोकंही नको. जेवणाच्या पंगतीत मात्र सगळ्यांबरोबर बसा. आमचं जेवण वेगळं शिजतं, ते नैवेद्याचं नसतं, म्हणून मी जेवतो. तुमच्याकडे नैवेद्याचंच पान वाढत असतील तर डबा न्या.

तुमच्या मशीनवर दुसऱ्या कोणी कुंकू लावलं तर अडवू नका आणि पुसूही नका. मशीन शेठची आहे. आपल्याला आपल्या हातांचा हिशेब द्यायचा आहे, शेठच्या हातांचा नाही. सीरियाचा सेनापती नामान अलीशा संदेष्ट्याला म्हणाला होता, माझा राजा माझ्या हातावर टेकून रिम्मोन या त्याच्या देवाच्या देवळात जातो तेव्हा मलाही वाकावं लागतं, तेवढी मला क्षमा असावी. संदेष्ट्याने त्याला "शांतीने जा" म्हणून निरोप दिला. साहेबांबरोबर देवळाच्या दारापर्यंत जावं लागणारे ड्रायव्हर, पीए आपल्या मंडळीतही आहेत. त्यांच्याकडे बोट दाखवण्याआधी हा प्रसंग आठवावा.

प्रसादावर मंडळ्यांमध्ये एकमत नाही, तेव्हा माझं मत माझं म्हणून घ्या. प्रेषित पौल करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात सांगतो की बाजारात जे विकतं ते विवेकाला न टोचता खा. पण कोणी सांगितलं की हे मूर्तीला वाहिलेलं आहे, तर खाऊ नका, तेही त्या सांगणाऱ्याच्या विवेकासाठी. यावरून मी असं वागतो: सत्यनारायणाचा शिरा प्रसाद म्हणूनच हातात येतो, तो मी घेत नाही. दिवाळीचा चिवडा-करंजी शेजारणीने आमच्यासाठी पाठवलेली असते, ती आम्ही आनंदाने खातो आणि रिकामी ताटली परत पाठवत नाही. शिरा नाकारताना हात मागे ओढू नका. "काकू, मी प्रसाद घेत नाही, पण चहा घेतल्याशिवाय जाणार नाही" म्हणा आणि खरंच बसा. माझी बायको संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जाते. दारातच सांगते, "मला कुंकू नको, तिळगूळ दे." पहिल्या वर्षी बायका एकमेकींकडे बघतात. नंतर त्याच दुसऱ्यांना सांगतात, "यांना लावू नको गं."

वर्गणीचं म्हणाल तर सोसायटीच्या गणेशोत्सवात रक्तदान शिबिर असतं, त्याचा खर्च मी उचलतो आणि पावतीवर तसं लिहून घेतो. विसर्जनाच्या दिवशी रस्त्याच्या कडेला लहान मुलांना सांभाळणं, पाणी वाटणं ही कामं मागून घ्या. ज्याला कोणी कामाच्या वेळी पाहिलेलंच नाही, त्याचा नकार लोकांना तुसडेपणा वाटतो.

मुलांच्या बाबतीत हळुवार राहा. आपल्या विश्वासाची लढाई आठ वर्षांच्या पोरीच्या खांद्यावर देऊ नका. जूनमध्ये शाळा उघडली की बाईंना भेटा आणि सांगा की वंदनेच्या नाचात हिला घेऊ नका, पण निवेदन, पडद्यामागचं काम, देशभक्तीचं गाणं, काहीही द्या. पोरीला एकच वाक्य शिकवा: "आमच्या घरी येशूची प्रार्थना करतात." दुसऱ्यांच्या देवाबद्दल वाकडा शब्द घरात बोलू नका. आपण जेवताना जे बोलतो तेच ती मधल्या सुट्टीत बोलते.

"तुम्ही इंग्रजांच्या धर्मात गेलात" हेही कधीतरी ऐकावं लागतं. भांडू नका, माहिती ठेवा. फादर स्टीफन्स यांनी ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं, शिवाजी महाराजांच्या जन्माआधी चौदा वर्षं. इंग्रजांचं राज्य तेव्हा इथे नव्हतंच. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, आणि त्यांची गीतं आपण अजून उपासनेत म्हणतो. घरात मराठीत प्रार्थना करा, मुलांना ती गीतं टाळांवर म्हणायला शिकवा. येशूचं व्हायला मराठीपण सोडावं लागत नाही, हे पोरांना घरातच दिसू दे.

आता ती तिसरी ओळ. पौल रोमकरांना या युगाशी समरूप होऊ नका असं सांगतो, तेव्हा तो फक्त मूर्तींबद्दल बोलत नाही. मी अशी ख्रिस्ती माणसं पाहिली आहेत जी पेढ्याला हात लावत नाहीत, पण न मोजलेल्या जॉबच्या, म्हणजे तयार केलेल्या पार्टच्या, तपासणी कागदावर बिनधास्त आकडे भरतात. गाडी संध्याकाळी सुटायची असते, मायक्रोमीटर पेटीतच असतो, आणि वरून निरोप येतो, "भरून टाक." माझ्या मते खरी कसोटी इथे आहे, कारण इथे धर्म आडवा येत नाही आणि कोणी तुमच्याकडे बघतही नाही. त्या वेळी म्हणा: "साहेब, दहा पीस मोजतो, जे येतील ते आकडे लिहितो." बहुतेकदा तेवढा वेळ मिळतो. मला एका जुन्या ठिकाणी मिळाला नाही, आणि ती नोकरी गेली. घरी दोन महिने ओढाताण झाली. तरी मी हेच सांगेन. लग्न जुळवताना हुंडा मागणं आणि "मूळचे कोण?" म्हणून जात काढणं हेही याच युगाशी समरूप होणं आहे, आणि ते आपल्या मंडळीत उपासनेनंतरच्या चहावर चालतं. पाळकसाहेबांनी त्यावर वेदीवरून बोलावं अशी माझी हात जोडून विनंती आहे.

एका प्रश्नावर मात्र मी उपदेश करणार नाही. १९५० च्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती हिंदू, शीख आणि बौद्धांनाच मिळतात, ख्रिस्ती झालेल्यांना नाही. त्यापायी कागदावर एक धर्म आणि घरात दुसरा अशी कुतरओढ कितीतरी घरांनी सोसली आहे. ज्याच्या पोराची फी अडली आहे त्याला माझ्यासारख्याने बाहेरून शहाणपण शिकवू नये. त्याने पाळकांशी आणि चांगल्या वकिलाशी बोलावं, आणि मंडळीने त्याच्या फीचं बघावं.

कोणी धमकावलं, बळजबरी केली, तर गोष्ट वेगळी. घटनेचं २५वं कलम सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य सगळ्यांनाच देतं. काय घडलं ते तारीख-वेळेसह लिहून ठेवा, एकटे जाऊ नका, मंडळीतली दोन वडीलधारी माणसं सोबत घ्या. पण साध्या आग्रहाच्या वेळी कलम काढू नका, शेजारी कायमचा दुरावतो.

शेवटी सुट्ट्यांचं. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, शासकीय सुट्टी असली तरी लहान कारखाने सुरूच असतात, आणि उपासना दुपारी बारा ते तीन असते. नवीन कॅलेंडर हातात आलं की ईस्टरची तारीख बघा, ती २२ मार्च ते २५ एप्रिलच्या दरम्यान कधीही येते. त्याच आठवड्यात शिफ्ट लावणाऱ्याला भेटून अदलाबदल ठरवा: गणपतीत आणि लक्ष्मीपूजनाला मी येतो, मला उत्तम शुक्रवार आणि नाताळ द्या. सणाला माणूस मिळत नाही म्हणून तो हैराण असतो, लगेच हो म्हणतो. तरी अर्ज लेखी द्या आणि सही-शिक्क्याची प्रत आपल्याकडे ठेवा, कारण मार्चपर्यंत शिफ्ट लावणारा बदललेला असू शकतो.