छोटा टीव्ही घ्यायचाय? दुकानात जायच्या आधी एवढं करून ठेवा

पहिलं काम घरातच आहे. टेप घ्या आणि टीव्ही जिथे लागणार तिथपासून तुम्ही जिथे बसता (किंवा खरं सांगायचं तर लोळता) तिथपर्यंतचं अंतर मोजा, निम्म्या गोष्टी त्या आकड्यावरच ठरतात. मग जागा मोजा. ३२ इंची म्हणजे साधारण ७१ सेमी रुंद आणि ४० सेमी उंच स्क्रीन, २४ इंची ५३ बाय ३०, ४३ इंची ९५ बाय ५४, वर कडेची फ्रेम वेगळी. टेबलावर ठेवणार असाल तर टेबलाची रुंदी पण लिहून घ्या, कारण हल्ली बऱ्याच सेटचे पाय अगदी दोन टोकांना असतात आणि टीव्ही घरी आल्यावर कळतं की एक पाय हवेत.

आता अंतर कशाला, तर ३२ इंचात खूपसे सेट एचडी रेडी म्हणजे १३६६ बाय ७६८ पिक्सेलचे (चित्र ज्यांनी बनतं त्या ठिपक्यांचे) असतात आणि थोडेच फुल एचडी, म्हणजे १९२० बाय १०८०. पावणेदोन मीटरच्या पलीकडून बघत असाल तर चांगल्या नजरेलाही ह्यातला फरक फारसा कळत नाही, त्याहून जवळ बसणार असाल तर फुल एचडीच बघा. आणि लॅपटॉप जोडायचा असेल तर मग अंतर कितीही असो, फुल एचडीच, कारण लॅपटॉपचं १०८० चं चित्र ७६८ च्या पॅनेलवर, म्हणजे टीव्हीच्या पडद्यावर, दाबून बसवावं लागतं आणि अक्षरं भुरकट दिसतात. छोट्या स्क्रीनवर फोर-के (फुल एचडीच्या चौपट पिक्सेल) साठी जास्तीचे पैसे मोजण्यात मला तरी काही अर्थ दिसत नाही.

खरा खेळ पॅनेलचा आहे आणि नेमकं तेच खोक्यावर लिहिलेलं नसतं. व्हीए आणि आयपीएस हे पॅनेलचे दोन नेहमीचे प्रकार. व्हीए पॅनेलचा कॉन्ट्रास्ट (सगळ्यात उजळ आणि सगळ्यात काळ्या भागातला फरक) साधारण ३०००:१ किंवा त्याहून वर, आयपीएसचा १०००:१ च्या आसपास, म्हणजे अंधाऱ्या खोलीत समोर बसून सिनेमा बघायचा तर व्हीएवर काळं बरंच काळं दिसतं आणि आयपीएसवर राखाडी. पण व्हीए बाजूने बघितलं की रंग फिके पडतात, त्यामुळे कुणी स्वयंपाक करता करता बघणार, कुणी कोपऱ्यातल्या खुर्चीतून, असं असेल तर आयपीएस बरा. कोण कुठून बघणार हे आधी ठरवून जा. ओएलईडी (ज्यात प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो) डोक्यात असेल तर टीव्हीत तो ४२ इंचापासून सुरू होतो, छोट्यात विषय संपला. एचडीआरचं (जास्त उजळ, जास्त खुललेल्या चित्राचं) स्टिकर दिसलं तरी भुलू नका, छोटे सेट तो सिग्नल घेतात खरे पण तेवढा उजेड पाडायची ताकद बहुतेकांत नसते.

सगळ्यात महत्त्वाचं, पेनड्राइव्ह तयार करा. दुकानात जो व्हिडिओ लावलेला असतो ना, फुलं, पोपट, रंगीबेरंगी फुगे, त्यात कुठलाही टीव्ही भारीच दिसतो. तुम्ही स्वतःच्या क्लिप न्या: एक रात्रीचा सीन ज्यात काळ्या केसांमागे काळी भिंत आहे, एक माणसाच्या चेहऱ्याचा क्लोजअप, एक मॅच जिथे कॅमेरा बॉलच्या मागे भराभर फिरतो, आणि एक नुसता राखाडी फोटो. लावायच्या आधी सेल्समनला सांगून पिक्चर मोड व्हिविड किंवा शोरूमवरून काढून सिनेमा किंवा स्टँडर्डवर आणा, शार्पनेस पण बराच खाली घ्या. रात्रीच्या सीनमध्ये केस आणि भिंत वेगळी दिसतात का, की सगळा एकच काळा गोळा? चेहरा टोमॅटोसारखा लाल तर नाही ना? राखाडी फोटोवर कोपऱ्यात डाग किंवा उभे पट्टे आहेत का? मग तोच चेहरा लावून हळूहळू बाजूला सरका, खाली बसून बघा, उभं राहून बघा, लोक बघतील तर बघू देत. दुकानातले ट्यूबलाइट स्क्रीनमध्ये आरशासारखे दिसत असतील तर घरच्या खिडकीचं पण तेच होणार.

बाकीचं पटकन. एचडीएमआयची (लॅपटॉप, सेटटॉप बॉक्सची वायर लावायची) भोकं निदान दोन हवीत, त्यातलं एक एआरसीवालं (ज्यातून टीव्हीचा आवाज बाहेरच्या स्पीकरला जातो), आणि भिंतीवर लावणार असाल तर ती मागे सरळ नकोत, कडेला हवीत, नाहीतर वायर वाकवून घालावी लागते. भिंतीच्या स्टँडसाठी मागच्या भोकांमधलं अंतर विचारा, छोट्या सेटला १०० बाय १०० किंवा २०० बाय २०० मिमी असं काहीतरी असतं. पातळ टीव्हीत आवाज यथातथाच असतो, हेडफोनचं भोक किंवा ब्लूटूथ आहे का ते बघून घ्या. परत करायची मुदत आणि किती डेड पिक्सेल (बंद पडलेले ठिपके) असले तर बदलून देतात हे बिल करायच्या आधी विचारा. घरी आणल्यावर तोच पेनड्राइव्ह पहिल्याच रात्री दिवे बंद करून परत लावा, आणि मुदत संपेपर्यंत खोका आणि थर्माकोल टाकू नका.