दाढ काढायच्या आधीच विचारा: जबड्याचं हाड परत कसं भरून आणायचं

आधी एक गोष्ट क्लिअर करते, पडलेला पक्का दात परत उगवून देणारं औषध आज कुठल्याच दवाखान्यात मिळत नाही. जपानमध्ये क्योतो युनिव्हर्सिटीच्या हॉस्पिटलात 2024 मध्ये माणसांवर पहिली ट्रायल सुरू झाली. यूसॅग-1 नावाचं एक प्रोटीन दाताची वाढ रोखतं, त्यालाच अडवणारी ही अँटीबॉडी आहे, उंदीर आणि फेरेट (मुंगसासारखा दिसणारा छोटा प्राणी) यांच्यात तिने नवीन दात आले. पण पहिला टप्पा औषध सेफ आहे का हे बघायचाच आहे, त्यामुळे त्याच्या भरवशावर दाताची जागा रिकामी ठेवून बसू नका.

हाडाचं तसं नाही. हाड भरून आणणं आपल्याकडे आज रोज होतंय, फक्त त्याचा विचार दात काढायच्या आधी करायला हवा आणि नेमका तेव्हाच तो कोणाच्या डोक्यात नसतो, दुखणं थांबलं की सुटलो बाबा असं होतं. दात गेला की त्याला धरून ठेवणारं हाड झिजायला लागतं, वर्षभरात रुंदी साधारण निम्म्यावर येते आणि त्यातली बरीचशी घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. मग दिवाळीनंतर इम्प्लांटला (हाडात स्क्रू बसवून त्यावर लावायचा कृत्रिम दात) गेलात की डॉक्टर म्हणतात हाडच नाहीये, आणि खर्च वाढतो.

म्हणून काढायच्या आधीच विचारा, "सॉकेट प्रिझर्वेशन करता येईल का?" म्हणजे दात निघाल्यावर त्या खड्ड्यात लगेच ग्राफ्टचे, म्हणजे हाडाच्या जागी भरायच्या पदार्थाचे दाणे भरायचे, वर मेम्ब्रेन (पातळ पडदा) लावायचं आणि टाके घालायचे. हाड बनायला तीन गोष्टी लागतात, पेशी, त्यांना चढायला मांडव आणि कामाला लावणारा सिग्नल. ग्राफ्ट हा मांडव. पेशी आजूबाजूच्या हाडातून आणि रक्तातून येतात, आणि मेम्ब्रेन असतं ते हिरडी आत घुसून हाडाची जागा खाऊ नये म्हणून, कारण हिरडी हाडापेक्षा खूप भराभर वाढते. सिग्नलसाठी बीएमपी-2 नावाचं प्रोटीनही आहे, अमेरिकेत 2007 पासून जबड्यासाठी मंजूर आहे, पण महाग आहे आणि साध्या एका दाढेच्या खड्ड्याला त्याची गरज नसते.

ग्राफ्ट कशाचा आहे हे नक्की विचारा, लाजू नका. तुमच्याच हनुवटीतून किंवा दाढेमागून काढलेलं हाड असू शकतं, दात्याचं प्रोसेस केलेलं असू शकतं (मुंबईत टाटा मेमोरियलची टिशू बँक असे ग्राफ्ट तयार करते), गाईच्या हाडापासूनचं असतं किंवा पूर्ण सिंथेटिक. मेम्ब्रेनचं कोलॅजनही बऱ्याचदा गाईचं नाहीतर डुकराचं असतं. घरात कोणाला ते चालणार नसेल तर आधी सांगा, सिंथेटिक पर्याय असतो, खुर्चीत बसल्यावर सांगून उपयोग नाही.

पीआरएफ, म्हणजे तुमच्याच रक्तापासून बनवलेली जेलीसारखी गाठ, लावायची का हे पण विचारतीलच. तुमचंच थोडं रक्त घेतात, गोठणं थांबवणारं कुठलंही औषध न घातलेल्या ट्यूबमध्ये, आणि लगेच मशीनमध्ये फिरवतात. आईच्या वेळी मी ती ट्यूब बघितली, खाली लाल थर, वर पिवळसर पाणी आणि मधे पांढरट जेलीसारखी गाठ. ती चिमट्याने उचलून दाबून चपटी करतात आणि जखमेवर ठेवतात. याने जखम छान भरते, पण नुसत्या पीआरएफवर मोठा खड्डा हाडाने भरेल असं धरू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घरातल्या मोठ्या बायकांना हाडं ठिसूळ झाल्याबद्दल आठवड्याची अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी किंवा वर्षाचं झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन चालू असेल तर दात काढायच्या आधी सांगाच, नंतर जबड्याचं हाड न भरता मरण्याचा धोका असतो. स्वतःहून औषध बंदही करू नका, दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावा. शुगर असेल तर एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी) करून न्या. तंबाखू, मिश्री, सिगरेट जितके दिवस आधी आणि नंतर बंद ठेवाल तितकं बरं, ग्राफ्ट फेल व्हायचं ते एक मोठं कारण आहे.

घरी आल्यावर पहिला दिवस चूळ नाही, थुंकणं नाही, स्ट्रॉ नाही. मऊ भात, गार ताक, खिमट, तेही दुसऱ्या बाजूने. दोन-चार बारीक दाणे तोंडात आले तर घाबरू नका ते चालतं, पण ढीगभर यायला लागले किंवा पू, घाण वास, तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर वाढणारी सूज असं काही दिसलं तर फोन न करता सरळ दवाखान्यात जा. वरच्या दाढेला सायनस लिफ्ट (नाकाशेजारच्या पोकळीचा तळ उचलून खाली हाड भरणं) झालं असेल तर नाक जोरात शिंकरू नका आणि शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्या.

इम्प्लांट बहुतेक वेळा चार ते सहा महिन्यांनी, आणि त्याआधी सीबीसीटी (जबड्याचा थ्रीडी स्कॅन) काढून हाड किती आलंय ते स्क्रीनवर दाखवायला सांगा.

आणि बाळाचे दुधाचे दात पैसे भरून बँकेत ठेवा, पुढे स्टेम सेलमधून दात बनतील असं कोणी सांगत आलं तर पैसे देऊ नका. त्या दातात स्टेम सेल असतात हे खरं आहे, पण आयसीएमआरच्या (देशाची वैद्यकीय संशोधन परिषद) 2017 च्या गाइडलाइनप्रमाणे आपल्याकडे फक्त नाळेतल्या रक्ताच्या बँकिंगला परवानगी आहे, दातांच्या नाही.