रेसिडेन्सी व्हिसा निवडताय? पैसे नंतर मोजा, आधी दिवस मोजा (आणि या चुका टाळा)

दुसऱ्या देशात जायचं डोक्यात आलं की बहुतेक जण एक शीट बनवतात, त्यात देशाचं नाव, किती पैसे लागतात, कार्ड किती वर्षांचं, झालं. पण जो कॉलम सगळ्यात आधी पाहिजे तोच नसतो, तो म्हणजे वर्षातले किती दिवस तिथं राहावंच लागतं, आणि आपण खरंच किती दिवस राहणार आहोत. निम्मा घोळ इथूनच सुरू होतो.

पण त्याआधी एक जुना गैरसमज, घर घेतलं की व्हिसा मिळतो. नाही मिळत हो! फ्रान्स, ब्रिटन, अमेरिका, कुठंही खुशाल घर घ्या, त्यानं राहायचा हक्क येत नाही. फ्रान्समध्ये घर तुमच्या नावावर असलं तरी व्हिजिटर म्हणून शेंगेनचा (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांचा गट) १८० दिवसांत ९० दिवसांचाच हिशोब लागतो. थायलंडमध्ये परदेशी माणसाला जमीन स्वतःच्या नावावर घेता येत नाही, कॉन्डो घेता येतो, तोही बिल्डिंगच्या ४९ टक्क्यांच्या कोट्यात जागा असेल तर. ऑस्ट्रेलियाने तर १ एप्रिल २०२५ पासून दोन वर्षं परदेशी लोकांना जुनी घरं घ्यायलाच बंदी केलीय, थोडे अपवाद सोडले तर.

दुसरी चूक म्हणजे शिळी माहिती. स्पेनचा ५ लाख युरोच्या घरावरचा गोल्डन व्हिसा (म्हणजे गुंतवणूक करून मिळणारा राहायचा परवाना) ३ एप्रिल २०२५ ला बंद झाला, पोर्तुगालने घराचा रस्ता ऑक्टोबर २०२३ मध्येच बंद केला (फंडाचा चालू ठेवला), तरी जुने व्हिडिओ बघून लोक अजून विचारतात. ग्रीसचा चालू आहे, पण जुना अडीच लाख युरोंचा आकडा आता फक्त दुकान-ऑफिसचं घर केलेल्या किंवा जुनी वारसा इमारत दुरुस्त केलेल्या प्रॉपर्टीला. बाकी अथेन्स, थेसालोनिकी, सँटोरिनी वगैरे ठिकाणी ८ लाख आणि इतरत्र ४ लाख, तेही एकच प्रॉपर्टी आणि किमान १२० चौरस मीटरची. आणि ते घर एअरबीएनबीवर चढवता येत नाही, पकडलं तर ५० हजार युरो दंड आणि परमिटही जातं. म्हणजे 'भाड्यातून हप्ता सुटेल' हे गणित तिथंच कोलमडलं.

आता दिवसांचं. पोर्तुगालचा डी-७ व्हिसा स्वस्त वाटतो, कारण नियमित पेन्शन किंवा भाड्याचं उत्पन्न दाखवलं की चालतं, पण पहिल्या परमिटवर सलग ६ महिने किंवा तुटक मिळून ८ महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर रिन्यूअलला अडकता. त्यांच्याच गोल्डन व्हिसाला वर्षाला सरासरी ७ दिवस पुरतात. दुबईत साधा रेसिडेन्स १८० दिवसांच्या वर बाहेर राहिलं की जातो, २० लाख दिरहमच्या प्रॉपर्टीवरच्या गोल्डन व्हिसाला ती अट नाही. ग्रीसला परमिट टिकवायला एकही दिवस राहायची सक्ती नाही, पण नागरिकत्व हवं असेल तर ७ वर्षं खरोखर राहिलेलं दाखवावं लागतं, भाषेची परीक्षा वेगळी. आणि १८३ दिवस ओलांडले की बऱ्याच देशांत तुम्ही टॅक्स रेसिडेंट होता, मग कर जगभरच्या कमाईवर लागू शकतो, हे व्हिसा विकणारा एजंट बहुधा शेवटी सांगतो.

स्पेनच्या नॉन-ल्युक्रेटिव्ह व्हिसाचं तर नावातच आहे, कमवायचं नाही. 'लॅपटॉपवरच तर करतोय' हेही काम धरलं जातं, त्यासाठी डिजिटल नोमॅड व्हिसा वेगळा आहे.

कागदांत मी स्वतः माती खाल्लीय. पोलीस क्लिअरन्सचं (गुन्हा नसल्याचा दाखला) भाषांतर आधी करून घेतलं आणि अपोस्टील (कागद परदेशात खरा धरला जावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का) नंतर, मग म्हणे अपोस्टीलचंही भाषांतर पाहिजे. पुन्हा सगळं केलं, तोवर सर्टिफिकेट जुनं झालं, कारण ते बऱ्याच ठिकाणी ३ ते ६ महिन्यांच्या आतलंच चालतं. म्हणून आधी अपोस्टील, मग भाषांतर, आणि क्लिअरन्स बाकीचे कागद जमल्यावरच काढा.

रिजेक्ट झालं तर तीच फाईल घाईत परत टाकू नका, लेखी कारण मागा, अपिलाची मुदत बघा, स्पेनमध्ये फेरविचाराला एक महिनाच असतो. आणि व्हिसासाठीच घर घेत असाल तर टोकन देण्याआधी करारात लिहून घ्या की व्हिसा नाकारला तर पैसे परत. बिल्डर 'काही होत नाही हो' म्हणाला तर म्हणायचं, मग लिहायला काय हरकत आहे.