व्हिडिओ कॅमेऱ्यासाठी भरवशाचं मेमरी कार्ड कसं निवडावं

नागपुरात मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी इतवारीत काळी आणि पिवळी मारबत समोरासमोर येतात, तेव्हा कोणी ‘रिटेक’ देत नाही. लग्नात अंतरपाट दूर होतो तेव्हाही नाही. कॅमेरा वीस हजारांचा असो की दोन लाखांचा, सगळं फुटेज शेवटी त्या एवढ्याशा कार्डावरच उतरतं. म्हणून कार्ड घेताना मी एकच कसोटी लावायला सांगतो: चालू रेकॉर्डिंगमध्ये त्याचा लिहिण्याचा वेग कमीत कमी किती राहतो?

आधी कॅमेऱ्याचं मॅन्युअल काढा. त्यात प्रत्येक रेकॉर्डिंग मोडपुढे बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा नोंदवला जातो तो आकडा, दिलेला असतो. समजा, तुमचा कॅमेरा 4के व्हिडिओ 100 एमबीपीएसने नोंदवतो. हे सेकंदाला मेगाबिट आहेत आणि कार्डावरचे आकडे मेगाबाइटचे असतात. इथेच बरेच जण फसतात. बिटरेटला 8 ने भागा: 100 भागिले 8, म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. कॅमेऱ्यात 400 एमबीपीएसचा मोड असेल, तर 50 मेगाबाइट. ही तुमची खरी गरज.

आता कार्ड हातात घेऊन नीट बघा. सगळ्यात ठळक छापलेला आकडा, 170 किंवा 200 वगैरे, हा बहुतेक वेळा वाचण्याचा कमाल वेग असतो. कार्डावरून कॉम्प्युटरवर फुटेज उतरवताना तो कामाला येतो, शूटिंगला नाही. तुम्हाला हवी ती खूण बारीक असते: इंग्रजी व्ही अक्षर आणि त्याला लागून आकडा. व्ही30 म्हणजे सेकंदाला किमान 30 मेगाबाइट सलग लिहिण्याची हमी, व्ही60 म्हणजे 60, व्ही90 म्हणजे 90. यू अक्षराच्या पोटात 3 असेल तर तेही किमान 30 च. नुसतं ‘क्लास 10’ लिहिलेलं कार्ड फक्त 10 मेगाबाइटची हमी देतं, म्हणजे वरच्या 100 एमबीपीएसलाही ते पुरत नाही. ए1, ए2 या खुणा मोबाइलमधल्या ॲपसाठी आहेत, त्यांच्याकडे दुर्लक्ष करा.

घरगुती कार्यक्रम आणि साधं 4के यांना व्ही30 पुरतं. व्ही60, व्ही90 कार्डं सहसा यूएचएस-2 प्रकारची, म्हणजे यूएचएस-1 पेक्षा वेगवान जोडणीची असतात. उलटं करून बघा, मागे पट्ट्यांची दुसरी ओळ दिसेल. तुमच्या कॅमेऱ्याचा स्लॉट यूएचएस-1 असेल, तर ते कार्ड चालेल, पण यूएचएस-1 च्याच वेगाने. विनाकारण दुप्पट पैसे मोजू नका. कॅमेरा फार जुना असेल, तर 32 जीबीच्या वरचं कार्ड तो घेतो का, हेही मॅन्युअलमध्ये पाहून घ्या.

क्षमतेचा हिशोब सोपा आहे. 100 एमबीपीएसने एका तासाला 45 जीबी लागतात. म्हणजे 128 जीबीत पावणेतीन तासांच्या आसपास. दिवसभराच्या लग्नाला एकच 512 चं कार्ड घेण्यापेक्षा 128 ची चार घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. एक गेलं तरी हळद किंवा स्वागत समारंभ वाचतो. कॅमेऱ्याला दोन स्लॉट असतील, तर दोन्हींवर एकाच वेळी रेकॉर्डिंग लावा.

खरेदी बर्डीतून करा, सदरमधून करा की ऑनलाइन. पक्कं बिल, सीलबंद पाकीट आणि वॉरंटी या तीन गोष्टी सोडू नका. ऑनलाइन घेताना ब्रँडसोबत विक्रेता कोण आहे तेही बघा. इतर सगळीकडे जो भाव आहे, त्याच्या निम्म्यात कोणी देत असेल तर सरळ पुढे निघा.

कारण नकली कार्डाची लबाडी वरून दिसत नाही. आत खरी जागा 16 जीबीची असते, पण कार्डातली कंट्रोलर चिप कॅमेऱ्याला 128 सांगते. पहिल्या 16 जीबीपर्यंत सगळं सुरळीत चालतं. नंतरचं फुटेज जुन्यावर लिहिलं जातं, नाहीतर हवेत विरतं. फाइलींची नावं मात्र यादीत जशीच्या तशी दिसतात. उघडायला गेलं की काहीच नाही. म्हणून कार्ड कामावर नेण्याआधी ते पूर्ण भरून तपासा. विंडोजवर एच2टेस्टडब्ल्यू, लिनक्सवर एफ3 हे फुकट प्रोग्रॅम आहेत. ते कार्ड काठोकाठ भरतात आणि लिहिलेलं पुन्हा वाचून ताडून बघतात. मोठ्या कार्डाला तासाच्या वर वेळ लागू शकतो, तो लागू द्या. त्यानंतर कार्ड कॅमेऱ्यात टाकून तिथेच फॉरमॅट करा आणि सर्वात जड मोडवर कार्ड भरेपर्यंत रेकॉर्डिंग चालवा. मधेच थांबलं, तर बिल घेऊन दुकानात परत जा.

मे महिन्यात नागपुरात पारा 45 च्या घरात असतो. चांगली कार्डं 85 अंशांपर्यंत चालतील अशी बनवलेली असतात. त्याआधी कॅमेराच तापून बंद पडतो आणि शेवटची फाइल अर्धवट राहू शकते. उन्हात लांबलचक क्लिप न घेता मधून मधून रेकॉर्डिंग थांबवून पुन्हा सुरू करा.

डॅशकॅम किंवा सीसीटीव्हीला मात्र ‘हाय एन्ड्युरन्स’ लिहिलेलं कार्डच घ्या. तिथे रात्रंदिवस जुनं पुसून नवं लिहिणं चालू असतं, साधं कार्ड त्यात लवकर झिजतं.

आणि चालू कार्यक्रमात कार्डाने एरर दिली, तर स्क्रीनवर ‘फॉरमॅट करू का?’ असं आलं तरी होकार देऊ नका. कार्ड काढा, बाजूची लॉकची खिटी खाली सरकवा, दुसरं कार्ड टाकून शूटिंग सुरू ठेवा. घरी आल्यावर फोटोरेकसारख्या प्रोग्रॅमने फुटेज काढायचा प्रयत्न करा आणि जे सापडेल ते त्याच कार्डावर नाही, दुसऱ्या डिस्कवर साठवा.