ऑर्डर पिकिंगच्या ट्रॉल्या घेताना आणि लावताना या चुका टाळा

गोदामातील पिकिंग, म्हणजे ऑर्डरीप्रमाणे रॅकमधून माल काढून आणण्याचे काम, मंदावले की मालक आधी माणसांकडे बोट दाखवतात, मग सॉफ्टवेअरकडे आणि अगदी शेवटी ट्रॉलीकडे. ट्रॉलीकडे पाहिले तरी नजर चौकटीवरच थांबते: पाइप किती जाड, रंग पावडर कोटिंगचा आहे की साधा. माझ्या मते ट्रॉलीची निवड फरशीपासून सुरू व्हावी, मग चाके, मग रॅकमधील वाट, त्यानंतर क्रेट आणि सर्वांत शेवटी चौकट. हा क्रम उलटा केल्यामुळे झालेले नुकसान मी इतक्या गोदामांत पाहिले आहे की त्याच त्या चुका पुन्हा समजावून सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेले बरे.

चाके स्वस्तात उरकणे

भिवंडीतील एका गाळ्यात दुचाकींच्या सुट्या भागांचा साठा होता आणि मालकांनी नव्या ट्रॉल्या एकगठ्ठा बनवून घेतल्या होत्या. महिनाभरात पिकर त्या ट्रॉल्या रांगेच्या तोंडाशी सोडून माल कवेत घेऊन ये-जा करू लागले. मालकांच्या लेखी हा निव्वळ कामचुकारपणा होता आणि पगार कापण्याची भाषाही सुरू झाली होती. मी ब्रेक शू आणि चेन स्प्रॉकेटने भरलेली एक ट्रॉली मालकांनाच ढकलायला दिली. तिसऱ्या रांगेपर्यंत पोहोचेस्तोवर त्यांना घाम फुटला आणि पगार कापण्याचा विषय तिथेच संपला.

फरशी ट्रायमिक्सची, म्हणजे यंत्राने जादा पाणी शोषून घोटलेल्या काँक्रीटची होती, वरून गुळगुळीत. पण तिच्यात ठरावीक अंतरावर कापलेल्या सांध्यांमधील भरण निघून गेले होते. ट्रॉलीला ७५ मिमी व्यासाची नायलॉनची चाके होती आणि इतके लहान, कडक चाक प्रत्येक सांध्यात उतरून अडत होते. त्यात चारही चाके फिरती, म्हणजे कोणत्याही दिशेला वळणारी असल्यामुळे सांध्यातून हिसका देऊन बाहेर काढलेली ट्रॉली मोकाट वासरासारखी भलत्याच दिशेला धावायची आणि रॅकच्या पायावर आदळायची. दोन चाकांच्या आसांभोवती पॅकिंगच्या फिल्मचे आणि सुताचे वेटोळे बसले होते, ते वेगळेच. मालकांनी यावर सुचवलेला उपाय म्हणजे ग्रीस! ग्रीसने व्यास वाढत नाही. बाहेर ओघळलेल्या ग्रीसवर धूळ मात्र चांगली चिकटते.

तेथे १५० मिमीची पॉलियुरेथेनची चाके लावली, पुढची दोन स्थिर आणि हँडलच्या बाजूची दोन फिरती, आणि सांधे पुन्हा भरून घेतले. लांब, सरळ रांगांसाठी मी हीच मांडणी धरतो. चारही फिरती चाके जागच्या जागी किंवा आडवे सरकावे लागते अशा आखूड, अरुंद वाटांसाठीच ठेवावीत. नायलॉन वाईट नाही. एकसंध आणि कडक फरशीवर ते हलके चालते व भार चांगला पेलते, पण आवाज करते आणि सांध्यांवर दया दाखवत नाही. मऊ रबर शांत असते, मात्र भाराखाली जड चालते आणि भरलेली ट्रॉली बरेच दिवस एकाच जागी उभी राहिली तर चाकाला चपटेपणा येतो. जुन्या गाळ्यांतील उखडलेल्या कोब्यावर कोणतेच चाक चमत्कार करत नाही. तेथे आधी गवंडी बोलवावा.

भाराचा हिशेबही येथेच चुकतो. ट्रॉलीचे स्वतःचे वजन ६० किलो आणि माल २४० किलो असेल, तर ३०० ला चाराने भागून ७५ किलोचे चाक घेतले जाते. फरशी कधीच पूर्ण सपाट नसल्याने एखादे चाक अधांतरी राहते आणि भार तिघांवर येतो. म्हणून तीनाने भागावे आणि किमान १०० किलो क्षमतेचे चाक घ्यावे.

माझी एक सवय सांगतो. प्रवासाच्या बॅगा तोलण्याचा आकड्याचा काटा मी जवळ बाळगतो. तो हँडलला अडकवून भरलेली ट्रॉली सरळ ओढली की सुरुवातीला किती जोर लागतो आणि चालू राहायला किती, हे दोन्ही आकडे दिसतात. फिरती चाके मुद्दाम आडवी वळवून हीच चाचणी पुन्हा घ्यावी, कारण पिकर दिवसभर थांबतो, वळतो आणि पुन्हा सुरुवात करतो. दोन नमुन्यांतील फरक या काट्यावर जितका स्पष्ट कळतो, तितका विक्रेत्याच्या छापील पत्रकावर कळत नाही.

बाहेरचे माप आणि आतले माप

व्हॉट्सअ‍ॅपवर कोणत्या तरी ट्रॉलीचे छायाचित्र पाठवून ‘अशीच बनवून दे’ म्हणणाऱ्यांची मला आता कीव येते. ६०० बाय ४०० मिमीचे क्रेट एकमेकांशेजारी तीन बसावेत म्हणून १२०० बाय ६०० ची ट्रॉली सांगितली जाते. फॅब्रिकेटर ते माप बाहेरून धरतो, दोन्ही टोकांना २५ मिमीचे चौकोनी पाइप येतात आणि आत ११५० मिमी उरतात. तिसरा क्रेट बसत नाही. एका क्रेटला एक ऑर्डर धरली, तर तीन कप्प्यांच्या ट्रॉलीवर नऊ ऑर्डरींऐवजी सहाच मावतात आणि फेऱ्यांचे सारे गणित कोलमडते. आतले मोकळे माप लिहून द्यावे, त्यात क्रेट सहज निघावा इतकी सूट धरावी आणि नमुन्याची एक ट्रॉली स्वतःच्या क्रेटनी भरून पाहिल्याशिवाय उरलेल्यांना वेल्डिंग लावू देऊ नये. चार दिवस वाचवण्यासाठी हा नमुना टाळणारे लोक पुढे कटर घेऊन बसलेले मी पाहतो.

वाटेच्या बाबतीतही असेच होते. वाट १२०० मिमी आणि ट्रॉलीची रुंदी ६००, म्हणजे ऐसपैस, असे वाटते; पण १२०० बाय ६०० च्या ट्रॉलीचा कर्ण सुमारे १३४० मिमी भरतो, त्यामुळे ती त्या वाटेत उलटी फिरूच शकत नाही, आणि समोरून दुसरी आली तर दोघींनाही जागा उरत नाही. एक तर ट्रॉली आखूड करावी किंवा वाट एकेरी करून जमिनीवर बाण रंगवावेत. बाण रंगवून कोणीही पाळत नसेल, तर सर्वाधिक उठाव असलेला माल रांगेच्या आत न ठेवता दोन्ही तोंडांशी आणावा. मग बाणाविरुद्ध आत घुसण्याचे कारणच कमी होते.

क्रेट आधी स्कॅन करणे

एका फेरीत अनेक ऑर्डरी उचलताना घाईत असलेला नवखा पिकर सगळे क्रेट टेबलावरच स्कॅन करून ऑर्डरींना जोडतो आणि नंतर ते ट्रॉलीवर रचतो. रचताना दोन क्रेटची अदलाबदल झाली की पुढे स्क्रीनवर दिसणाऱ्या जागेप्रमाणे टाकलेला प्रत्येक नग चुकीच्या ग्राहकाकडे जातो, आणि चूक पॅकिंग टेबलावर उमगली तर नशीब. क्रेट आधी कप्प्यात ठेवावा, मगच जागेचे लेबल आणि क्रेट दोन्ही स्कॅन करावेत. जागेचे लेबल ट्रॉलीच्या कप्प्याच्या कडेवर असावे. क्रेटवर चिकटवलेला जागेचा क्रमांक क्रेटबरोबर पॅकिंगला जातो आणि परत भलत्याच ट्रॉलीवर येतो.

राहिलेल्या चुका

जड माल वरच्या कप्प्यात ठेवू नये. कमरेच्या उंचीचा कप्पा त्यासाठीच असतो. ट्रॉलीची उंची तिच्या अरुंद बाजूच्या तिपटीपेक्षा जास्त नसावी आणि मालाचा ढीग ढकलणाऱ्याच्या नजरेआड जाईल इतका नसावा. आडव्या हँडलची उंची ९०० ते ११०० मिमीच्या दरम्यान ठेवावी. पिकरांच्या उंचीत फार फरक असेल तर उभे हँडल बरे.

उतारावर उभ्या राहणाऱ्या ट्रॉलीला चाकाचे धावणे आणि त्याचे दिशा बदलून वळणे, दोन्ही अडवणारा ब्रेक हवा. रॅकमधील वरच्या बिनपर्यंत (माल ठेवण्याच्या खणापर्यंत) हात पोहोचावा म्हणून ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यावर चढणे पूर्ण बंद करावे आणि त्यासाठी रांगेत चढण्याचा पायऱ्यांचा घोडा ठेवावा. नुसती सूचना चिकटवून कोणी चढायचे थांबत नाही.

एकाच बोल्टवर बसणारी चाके जड कामाला घेऊ नयेत, चार बोल्टची प्लेट असलेली घ्यावीत आणि नट नायलॉक, म्हणजे हादऱ्यांनी सैल न होणारे, नायलॉनची कडी असलेले असावेत. सुटी चाके खरेदी करताना त्याच व्यासाची आणि त्याच एकूण उंचीची घ्यावीत, कारण एक चाक थोडे जरी वेगळे असले तरी ट्रॉली डुगडुगते. आसाभोवतीचे सूत आणि फिल्म दर आठवड्याला, ट्रॉली रिकामी करून, आडवी पाडून, ब्लेडने कापून काढावी. हे काम शनिवारी संध्याकाळी देऊ नये. तेव्हा कोणीच ते नीट करत नाही.