जालन्याहून न्यूयॉर्क: विमानाचं अंतर आणि वेळ घरी कशी काढायची

जालन्यात मी विमानाची तिकिटं काढून देतो. पोरगा-सून अमेरिकेत असलेले आई-वडील समोर बसले, की पहिला प्रश्न ठरलेला: "दादा, विमानात किती तास बसायचं?" तिकिटावरच्या दोन वेळांची नुसती वजाबाकी करू नका. निघायची वेळ मुंबईच्या घड्याळाची असते, पोचायची तिकडच्या.

आधी अंतर. भिंतीवरचा सपाट नकाशा इथं कामाचा नाही, नातवंडांचा पृथ्वीगोल घ्या. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर धरून ताणा. दोरा आडवा, अरबस्तानावरून जाईल असं वाटतं. पण तो वर सरकतो आणि रशिया, स्वीडन-नॉर्वे, आइसलँड करत ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाजवळून खाली उतरतो. गोलावर जवळची वाट हीच. आता तेवढाच दोरा विषुववृत्तावर लावून अंश मोजा. साधारण 113 भरतात. एका अंशाचे 111 किलोमीटर, म्हणजे झाले साडेबारा हजार. लंडनला 65 अंश, 7200 किलोमीटर.

वेळेसाठी ताशी 850 किलोमीटर धरा आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास वर घाला. न्यूयॉर्कचे पंधरा तास निघतात. वर वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात वाहतो, म्हणून जाताना वेळ जास्त, येताना कमी. शिवाय विमान दोऱ्यावरूनच जाईल असं नाही. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. असं झालं की वळसा पडतोच.

आता तिकिटाशी ताळा. न्यूयॉर्क आपल्यामागं हिवाळ्यात साडेदहा तास, उन्हाळ्यात साडेनऊ. जानेवारीत रात्री 1:30 ला सुटून तिकडच्या सकाळी 7 ला पोचणारं विमान वरवर साडेपाच तासांचं दिसतं. त्यात साडेदहा मिळवा: सोळा तास.

आणि तारीख नीट वाचा, कळकळीनं सांगतो. तिकिटावर 10 तारीख, 01:30 असेल, तर घर 9 तारखेलाच सोडायचं. तीन तास आधी विमानतळ, म्हणजे 9 च्या रात्री साडेदहाला मुंबईत हजर. समृद्धी महामार्गानं भिवंडीजवळच्या आमणे गावापर्यंत गाडी सुसाट जाते, वेळ खातं ते पुढचं भिवंडी-ठाणे. दुपारी दोनच्या आत जालना सोडाच.

चिकलठाण्याहून, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या विमानतळावरून, मुंबईपर्यंत विमानानं जाणार असाल, तर शक्यतो दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी तिकिटं असली, की मुंबईत बॅगा उतरवून पुन्हा द्याव्या लागतात आणि पहिलं विमान लेट झालं तर दुसरी कंपनी तुमच्यासाठी थांबत नाही. तसंच घ्यायचं असेल, तर मधे निदान सहा तास ठेवा.